दहा नंबरची खिडकी

१

जबडा बसला नाही, इथून सगळं सुरू झालं.

टायटेनियमचा खालचा जबडा, डावी बाजू. सर्जननी तो रुग्णाच्या कवटीच्या साच्यावर लावून पाहिला, तर स्क्रूची दोन भोकं जिथे हवी तिथे नव्हतीच. रुग्ण म्हणजे गाणं शिकवणाऱ्या एक बाई. कित्येक महिने नळीने पातळ अन्न घेत त्या या शस्त्रक्रियेची वाट पाहत होत्या. तारीख पुढे गेली असं सांगितल्यावर त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, "किती पुढे?"

"मी काय सांगू त्यांना?" सर्जन मला म्हणाले, जणू जबडा मीच घडवला होता.

इस्पितळात बसवायच्या कृत्रिम अवयवांत चूक निघाली की ती कोणाच्या हातून झाली हे ठरवायला मला पाठवतात. लोकांना वाटतं, काय रोमांचक नोकरी आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर "मी नाही" हे दोन शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकते आणि संध्याकाळी डोकं धरून घरी जाते.

जबडा ज्या कार्यशाळेत घडला ती एका छापखान्याच्या वर होती. जिना चढेपर्यंत पायाखाली यंत्रांची धडधड जाणवत होती. वर पोचले तेव्हा मालक दारातच उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा सख्खा भाचा तिथेच कामाला आहे, तो मामा म्हणतो म्हणून बाकीचेही म्हणू लागले आणि ते सर्जनपर्यंत पोचलं.

"सरळ प्रकरण आहे, बाई," मामा म्हणाले. "तुम्ही सही करा, चहा घ्या आणि मोकळ्या व्हा."

सरळ प्रकरण आहे असं कोणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

मामांचं म्हणणं असं. जबड्याची आकृती कानताईंनी केली. कानताई म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या कारागीर. त्यांच्यासारखा कृत्रिम कान कोणाला जमत नाही, म्हणून हे नाव. सोमवारी संध्याकाळी आकृती पूर्ण झाली, मामांनी स्वतः डोळ्यांखालून घातली. मंगळवारी दुपारी धातू कापणाऱ्या यंत्राने ती उचलली. पण मधल्या वेळात, म्हणजे मंगळवारी सकाळी, पूर्ण आकृतीच्या जागी कोणीतरी जुनी, अर्धवट आकृती ठेवून दिली होती. यंत्राला काय कळतंय? त्याने अर्धवट जबडा कापला.

"सोमवारची पूर्ण आकृती गेली का मग?"

"नाही, रात्री सगळ्याची प्रत निघते, त्यात आहे. पण धातू वाया गेला, तारीख गेली, माझी अब्रू गेली. आणि हे मुद्दाम केलंय."

"कोणी?"

"कानताईंनी. जबडा पाठवताना त्यावर जबाबदार म्हणून भाच्याचं नाव जातं. दोन महिन्यांपूर्वी त्याला बढती दिली, तेव्हापासून बाईंच्या पोटात दुखतंय. आणि पुरावा आहे. संगणकच सांगतोय की ती आकृती त्यांच्या स्क्रीनवरून ठेवली गेली."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि वर धाकटे दीर आणि जाऊ. घराला रंग दिला तेव्हा विजेच्या तारा नव्याने जोडल्या, आणि तेव्हापासून आमच्या दाराचं बटण दाबलं की बेल वरच्या मजल्यावर वाजते.

"वहिनी, तुमच्याकडे गॅसवाला आलाय," जाऊ म्हणाली. "पुन्हा मीच उतरले खाली. माझे गुडघे काय म्हणतात ते तुम्हाला ऐकवू का?"

"अगं, इलेक्ट्रिशियनला सांगितलंय मी."

"तो म्हणतो, त्याच्याकडून बरोबर जोडलंय."

मी फोन ठेवला. मामा मघाचंच वाक्य पुढे चालवत होते.

"आणि बाई, ज्या दिवशी कानताई रजेवर असतात ना, त्या दिवशी इथे काहीही बिघडत नाही. विचारा कोणालाही."

२

विचारलं. आधी तारवाल्याला, म्हणजे तिथल्या संगणकांची आणि जोडण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला. गळ्यात हेडफोन, चेहऱ्यावर सगळं जग मूर्ख आहे असा भाव. मला ते सगळं सोप्या शब्दांत सांगा म्हटल्यावर त्याने असा सुस्कारा सोडला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण सांगितलं नीट.

आकृत्या घडवण्याचा प्रोग्राम फार जड. तो कारागिरांच्या टेबलावरच्या साध्या संगणकांना झेपत नाही. म्हणून तळघरात एक दणकट संगणक ठेवलाय. प्रोग्राम चालतो तळघरात, पण त्याची खिडकी उमटते वर कारागिराच्या स्क्रीनवर. कारागीर इथे माउस हलवतो, जबडा तिथे वळतो. मधला सगळा मजकूर एका कुलूपबंद जोडणीतून जातो, वाटेत कोणी कान लावला तरी नुसती खरखर ऐकू येईल.

"म्हणजे बाहेरून कोणी घुसलं असेल?"

"त्या जोडणीत कोणी घुसूच शकत नाही," तारवाला म्हणाला. त्याला हा प्रश्न वैयक्तिक अपमान वाटला.

"मग संगणक कानताईंचं नाव सांगतो म्हणजे काय?"

"नाव नाही सांगत. नाव सगळ्यांचं एकच आहे. मामांनी नवीन प्रोग्राम घेतला तो एकाच नावाचा. दोन महिन्यांपूर्वी. मी सांगितलं होतं, असं करू नका, प्रत्येकाला वेगळं खातं द्या. माझं कोण ऐकतं? तेव्हापासून सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने तळघरात जातात."

"मग ओळखायचं कसं?"

"स्क्रीनच्या नंबरावरून. सकाळी जो पहिला जोडला जातो त्याच्या स्क्रीनला दहा नंबर मिळतो. दुसऱ्याला अकरा. आकृत्यांवर बसणारे तसे दोघंच, कानताई आणि भाचा. त्याच्या आधीचे नंबर राखीव असतात. जबड्याची अर्धवट आकृती ठेवली गेली ती दहा नंबरच्या स्क्रीनवरून, आणि मंगळवारी पहिल्या आल्या होत्या कानताई. रोजच त्या पहिल्या येतात. खिडकी त्यांच्या स्क्रीनवर होती, बटण त्यांच्या माउसने दाबलं. यात शंका नाही."

"प्रोग्राम सुरू कोणी केला?"

"ते नाही समजत. सगळे एकाच नावाने आत, कोणी काय सुरू केलं ते वेगळं काढता येत नाही." मग त्याने खांदे उडवले. "पण बाई, ज्याच्या स्क्रीनवर खिडकी, त्यानेच ती उघडलेली असणार ना?"

मीही तसंच समजले. दिवसभरातला माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा तो.

उठता उठता विचारलं, "या जोडणीत बिघाड होतात का?"

"भाचा रोज रडतो, त्याच्याकडे खिडकी उघडत नाही म्हणून. मी माझ्या खात्यावरून दहा वेळा तपासलं. माझ्याकडून तर चालतंय."

हे वाक्य मी थोड्या वेळापूर्वी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते आठवेना.

३

भाचा खिडकीशी बसून हाताने एक कृत्रिम बोट घासत होता. मोठं टेबल, नवी खुर्ची, आणि स्क्रीन बंद.

"संगणक का बंद आहे?"

"उपयोग काय चालू करून? सकाळी चालतच नाही. संध्याकाळी कानताई घरी गेल्या की मग पुन्हा जोडणी करतो, तेव्हा लागतो." त्याने बोट दिव्याखाली धरलं. "तोपर्यंत घासकाम करतो. बढती मिळाली आणि मी घासकामाला लागलो."

"म्हणजे त्या गेल्या की चालतं."

"त्या गेल्या की, किंवा त्या रजेवर असल्या की." त्याने आवाज खाली आणला. "मामा म्हणतो, त्या मुद्दाम काहीतरी करून ठेवतात. मला आधी खरं नव्हतं वाटत. मी शिकाऊ होतो तेव्हा त्यांनीच मला हात धरून शिकवलंय सगळं. पण आता दोन महिने त्या माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. समोरून गेलो तर मान वळवतात. मीही सोडून दिलं मग."

तो हे सांगत होता तेव्हा रागापेक्षा वाईट वाटलेलं जास्त दिसत होतं. तरी मी त्याला निर्दोष मानायला तयार नव्हते. मालकाच्या भाच्यावर विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

"मंगळवारी सकाळी काय केलंत? एकेक गोष्ट सांगा."

"आलो. जोडणी केली. मग डोळे."

"काय?"

"डोळे म्हणजे एक छोटा प्रोग्राम. स्क्रीनवर दोन मोठे डोळे येतात, माउस जिकडे नेऊ तिकडे बुबुळं फिरतात. काम काहीच नाही त्याचं, पण ते आले म्हणजे खिडक्या नीट उघडतायत हे कळतं. मामाची शिस्त आहे, सकाळी आधी डोळे लावून बघायचे, मग कामाचा प्रोग्राम."

"मग, आले डोळे?"

"नाही ना. रोजच येत नाहीत. आज्ञा लिहायची, एंटर मारायचा आणि वाट बघत बसायचं. मग थोड्या वेळाने आज्ञा आपोआप संपते."

"आपोआप?"

"हो. कोणीतरी बंद केल्यासारखी. मंगळवारी मी वैतागून सरळ कामाचाच प्रोग्राम सुरू केला. म्हटलं, डोळे नाही तर नाही. तोही नाही आला. मग मी चहाला गेलो. आलो तर त्याचीही आज्ञा संपलेली."

"यंत्राने काही कारण दाखवलं?"

"काहीच नाही."

मी ते लिहून घेतलं आणि तारवाल्याला फोन करून विचारलं की खिडकी उघडता आली नाही तर यंत्र काय करतं.

"लगेच ओरडतं," तो म्हणाला. "स्क्रीन सापडत नाही म्हणून चांगली दोन ओळींची तक्रार करतं आणि तिथेच सोडून देतं."

"आणि काहीच बोललं नाही तर?"

"तर खिडकी उघडली."

"पण माणूस म्हणतो, उघडली नाही."

"मग माणूस खोटं बोलतोय," तारवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

४

कानताई आतल्या खोलीत एका सिलिकॉनच्या कानाला रंग देत होत्या. पाळीच्या मागे एक बारीक निळसर शीर काढत होत्या, जी रुग्णाच्या आईखेरीज कोणाला दिसणार नव्हती. मी आले तरी ब्रश थांबला नाही.

"बसा. रंग वाळला की पुन्हा जुळत नाही, म्हणून हात थांबवत नाही. राग नका मानू."

"मंगळवारी सकाळी तुम्ही जबड्याची आकृती उघडली होती का?"

"नाही."

"संगणक म्हणतो, ती तुमच्या स्क्रीनवर होती."

"मी नाही उघडली. मामांनाही तेच सांगितलं, तीन वेळा. मी कानाच्या आकृतीवर काम करत होते."

"मग कोणी उघडली?"

"मला काय माहीत?" आता ब्रश थांबला. "बाई, मी सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवते आणि तडक इथे येते. माझा नवरा दोन वर्षं घरी बसून आहे, आमचं घर या हातांवर चालतं. मी माझाच जबडा कशाला बिघडवू? त्या गाणाऱ्या बाई साच्यासाठी आल्या होत्या तेव्हा मी त्यांच्या समोर बसले होते. बोलता येत नव्हतं, तर बोटांनी टेबलावर ताल धरून बसल्या होत्या."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाच त्यांना राग आला. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी वहीत काहीतरी खरडलं.

"भाच्याशी का बोलत नाही तुम्ही?"

"त्याने आधी त्याचे चाळे थांबवावेत."

"कसले चाळे?"

"दोन महिने झाले. सकाळी मी कामात असते आणि मध्येच माझ्या स्क्रीनवर दोन डोळे येऊन बसतात. माझ्या हाताबरोबर फिरतात. मी बंद करते, कधी कधी परत येतात. बढती मिळाली म्हणून बाईवर नजर ठेवायची असेल तर तोंडाने सांग, असे डोळे कशाला वटारतोस? मामांकडे तक्रारही केली. ते हसले. म्हणाले, कानताई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

माझ्या हातातलं पेन थांबलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी रंगाची बोटं लागू नयेत म्हणून कोपराने बटण दाबलं आणि आवाज सगळ्या खोलीत आला. म्हातारा, कापरा आवाज होता.

"सूनबाई, तुझ्या ऑफिसातून माणूस पत्र देऊन गेला. तुला कामावरून काढलंय म्हणे. असं काय केलंस गं तू?"

कानताईंनी ब्रश पाण्याच्या भांड्यात ठेवला. अगदी हळू, जणू तो फुटेल.

५

मी मामांच्या खोलीत गेले ती दार न वाजवता.

"निकाल मी लावायचाय ना? मग पत्र घरी कसं पोचलं?"

"अहो, निकाल तर स्पष्टच आहे. सकाळीच धाडून दिलं. म्हटलं, तुमची सही होईलच संध्याकाळपर्यंत."

मला बोलावलं होतं ते शिक्का मारायला. इतकी वर्षं या कामात घालवून मी एक रबरी शिक्का झाले होते. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. खाली छापखान्याची यंत्रं धडधडत होती, आणि माझा फोन पुन्हा वाजला. जाऊ. मी तो कापला. बिचारीचं म्हणणं मला पाठ होतं. बटण आमच्या दाराला दाबतात आणि वाजतं तिच्याकडे. खालच्या माणसाला वाटतं, घरात कोणी नाही. वरची म्हणते, कोण सारखं छळतंय.

आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, माझ्याकडून बरोबर आहे.

मी जिन्यातच बसले. पायऱ्या धुळीने भरल्या होत्या, बसले तरी.

भाचा म्हणतो डोळे येत नाहीत. कानताई म्हणतात डोळे येतात. दोघांचं दोन महिन्यांपासून, दोघांचं सकाळीच. भाच्याची आज्ञा कोणीतरी बंद केल्यासारखी संपते, आणि कानताई रोज डोळे बंद करतात. यंत्र तक्रार करत नाही, म्हणजे खिडकी उघडते. फक्त उघडायला सांगणाऱ्याकडे उघडत नाही. कानताई नसल्या की भाचा पहिला, दहा नंबर त्याचा, मग सगळं सुरळीत. मामांना यात कानताईंचा हात दिसला. मला आता नंबर दिसत होता.

आणि मी त्यांना प्रश्नच चुकीचा विचारला होता. मी आत गेले.

"कानताई, जबडा तुम्ही उघडला नाही, मान्य. बंद केला का?"

त्या गोंधळल्या. "हो. कानाच्या मागे जबड्याची खिडकी उघडी दिसली. म्हटलं, काल संध्याकाळी बंद करायची राहिली असेल. बंद करायला गेले तर विचारलं, बदल ठेवायचे का? मी ठेवा म्हटलं. इतक्या दिवसांचं काम, टाकून कोण देईल?"

"आणि जबडा अर्धा झालेला असताना कधी वीज गेली होती का?"

"हो, गेल्या आठवड्यात, जबड्याच्या मध्यावर. पण माझ्याकडे प्रत होती, मी थेट ती उघडून पुढे गेले."

"वीज गेल्यावर जे अर्धवट राहतं," मी तारवाल्याकडे जाऊन विचारलं, "ते प्रोग्राम नंतर उचलतो का?"

"कोणतीही आकृती न निवडता नुसता सुरू केला की. अर्धवट काम सापडलं की आधी तेच समोर आणतो." तो हळूहळू सरळ होऊन बसला. "आणि खातं सगळ्यांचं एकच. भाच्याने सुरू केला तरी आणणार कानताईंचंच."

मी सगळ्यांना कानताईंच्या टेबलाभोवती उभं केलं. भाच्याला म्हटलं, तू तुझ्या जागी जा, जोडणी कर आणि डोळ्यांची आज्ञा लिही. तो बाहेर गेला. आम्ही कानताईंच्या स्क्रीनकडे बघत होतो. त्यावर अर्धा कान होता, बाकी काही नव्हतं. मामा घड्याळाकडे बघू लागले.

"नाही आले," बाहेरून भाचा ओरडला. "रोजच्यासारखंच."

आणि कानाच्या शेजारी दोन पांढरे डोळे उघडले. कानताईंनी माउस हलवला. डोळे त्यांच्या हाताकडे वळले.

"बंद करा," मी म्हटलं. त्यांनी केले.

"सुटलं," बाहेरून आवाज आला. "आपोआप सुटलं बघा."

तारवाल्याने कानताईंना बाजूला व्हायलाही सांगितलं नाही, वाकून तिथूनच सामाईक खात्यातली एक फाईल उघडली. त्या नावाने कोणीही आत आलं की यंत्र आधी त्यातल्या सूचना वाचतं. शेवटची सूचना एका ओळीची होती. प्रत्येक खिडकी दहा नंबरच्या स्क्रीनवर उघडावी.

"नंबर यंत्र आपोआप देतं," तारवाला म्हणाला. "हे असं लिहून ठेवायचंच नसतं. लिहिलं की दुसऱ्याच्याही सगळ्या खिडक्या पहिल्याकडे जातात. माझ्या खात्यात ही ओळ नाही, म्हणून माझ्याकडून चाललं." मग तो हळूच म्हणाला, "मी एकदा त्यांच्या नावाने आत जाऊन बघायला हवं होतं."

"कोणी लिहिली?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. मामांचा चेहरा बघून भाचाही दारात थबकला होता.

"नवा प्रोग्राम घेतला तेव्हा," मामा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी मी एकटाच होतो. खिडकी उघडेना. काहीबाही करून बघितलं, दहा लिहिल्यावर उघडली. मग मी नेहमी सुट्टीतच बसतो, माझं कधी अडलं नाही."

"एकटे असता तेव्हा तुम्हीच पहिले असता."

"पण बटण तर यांनीच दाबलं ना?" मामांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मामा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच चढला. "एक माणूस तुम्हाला येऊन सांगतो, डोळे येत नाहीत. दुसरी सांगते, डोळे येतात. दोघं तुमच्याच खोलीत येऊन सांगतात. भाच्याचं तुम्ही खरं मानलंत आणि त्यावरून गुन्हा उभा केलात. यांच्यावर हसलात. दोन्ही तक्रारी शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर तो जबडा आज बसला असता."

भाचा कानताईंच्या समोर येऊन उभा राहिला. मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"ताई, ते डोळे मीच पाठवत होतो. रोज. मला माहीतच नव्हतं."

"आणि मी रोज तुझं काम बंद पाडत होते," कानताई म्हणाल्या. "बस. उभा का आहेस?"

तारवाल्याने ती ओळ पुसली. मग कोणालाही न विचारता प्रत्येकाचं वेगळं खातं करायला बसला.

मामांनी घसा साफ केला. "कानताई, ते पत्र रद्द समजा. झालं गेलं विसरून जाऊ."

"रद्द समजा म्हणजे काय?" कानताईंनी ब्रश पुन्हा हातात घेतला होता, पण रंग वाळून गेला होता. "ते माझ्या घरी आहे. माझ्या सासूबाईंच्या हातात. मला काही सांगू नका तुम्ही. तिथे जाऊन त्यांना सांगा. या बाई येतील बरोबर."

मी जाणार आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

६

कानताई आल्या नाहीत. रात्रीच्या प्रतीतला पूर्ण जबडा यंत्राला द्यायचा होता आणि यंत्र चालू होईपर्यंत त्या हलणार नव्हत्या. सर्जनना फोन मी केला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात घेतो, आणि बाईंच्या पाटीवरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लगेच निघाले.

भाच्याने आम्हाला गाडीतून नेलं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मामांना धाप लागली होती. दाराशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बेल दाबावी म्हणून. मी हात पर्समध्ये घातले.

त्यांनी दाबली. नशिबाने ती त्याच घरात वाजली.

दार एका बारीक म्हातारीने उघडलं. चष्मा कपाळावर, हातात तो लिफाफा. मागे एक माणूस आणि शाळेच्या कपड्यातली मुलगी उभी होती. म्हातारीने आम्हाला आत या म्हटलं नाही.

"आजी, मी कानताईंचा मालक," मामा जवळजवळ पुटपुटले. "ते पत्र चुकून आलंय."

"कोणाच्या चुकून?"

मामांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. "माझ्या."

"ऐकू नाही आलं."

"माझ्या चुकीने, आजी. तुमच्या सुनेचं काही चुकलेलं नाही."

"असं खाली बघून नका सांगू," म्हातारी म्हणाली. "पत्र आलं तेव्हा माझा चष्मा सापडत नव्हता. मी इथेच उभी होते. शेजारणीने वाचून दाखवलं, या जिन्यात, चांगलं मोठ्याने. खालच्यांनी ऐकलं, वरच्यांनी ऐकलं. तुम्हीही तितक्याच मोठ्याने सांगा."

शेजारचं दार किलकिलं झालं. वरच्या मजल्यावर कोणीतरी कठड्याशी आलं. मामांनी रुमालाने तोंड पुसलं, मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.